हार्टवेलच्या कोचची बाजू

"मला एवढंच सांग, त्या कॉलेजात आता आपलं कोण आहे?" अमितने तिसऱ्यांदा विचारलं आणि त्याला जोरात ठसका लागला.

"आधी खिडकी उघड," दीपा म्हणाली. "आणि तिसऱ्यांदा विचारलंस म्हणून उत्तर बदलणार नाही. टीम आहे आपली."

"आपली कशी? नकुल ग्रॅज्युएट होऊन दोन वर्षं झाली. तो बसलाय जर्सी सिटीत. त्याला फोन करून विचार, आज हार्टवेलची मॅच कुणाशी आहे. त्याला माहीत नसेल."

"त्याला नसू दे. मला माहीत आहे."

कढईत तेल, शेंगदाणे आणि ठेचलेला लसूण तडतडत होता. दीपाने वर कोल्हापुरी चटणीचे दोन मोठे चमचे टाकले तसा घरभर खकाणा उठला. सोळा वर्षांची अनिका ओट्याजवळ स्टुलावर उभी राहून छतावरच्या स्मोक अलार्मला टॉवेलने वारा घालत होती. भडंग करायचं म्हटलं की श्रूजबरीच्या या घरात एक माणूस या कामाला लागतोच. मागच्या वर्षी कुणी उभं राहिलं नव्हतं, तर फायर ब्रिगेडची गाडी आली होती आणि दोन फायरमन जाताना भडंगाची एकेक पुडी घेऊन गेले होते.

"आज अकरा वाजता शिवांगी-संग्रामची वास्तुशांत आहे," अमित डोळे पुसत म्हणाला. "महिन्यापूर्वी सांगितलंय त्यांनी. मी तिथे एकटा जाऊ? लोक विचारणार, दीपा कुठंय? काय सांगू? मॅचला गेली? कुणाची मॅच, तर आमच्या ओळखीचं कुणी नाही?"

"सांग ना तसंच. खोटं कशाला बोलतोस?"

"अगं, लोक हसतात यार."

"हसू देत. वास्तुशांतीला हसलेलं चांगलं असतं."

बाहेरच्या खोलीतून नानांचा आवाज आला. नाना म्हणजे अमितचे वडील, एकनाथ पोहनकर. नागपूरहून चार वर्षांपूर्वी आले आणि हिवाळा जाऊ दे, उन्हाळा जाऊ दे करत इथेच राहिले. "सूनबाई, मॅच किती वाजता लागते?"

"एक वाजता, नाना. अनिका लावून देईल तुम्हाला टीव्हीवर."

"नानांनाही वास्तुशांतीला यायचंय," अमित ओरडला.

"मी काऊन येऊ? माझी मॅच आहे," नाना म्हणाले.

अमितने हात टेकले. "एक काम कर. मला एकच खरं कारण दे. भडंग सोडून."

दीपाने गॅस बारीक केला. चुरमुऱ्यांचं मोठं पातेलं पुढे ओढलं. "आज मॅचनंतर तंबूत कोचचा विषय निघणार आहे. सगळे मिळून त्याला काढायचं म्हणतायत. मी नसले तर त्याच्या बाजूने बोलायला एक माणूस नाही तिथे."

"तो कोच तुझा कोण लागतो?"

"माझ्या मुलाचा सर आहे तो," दीपा म्हणाली आणि कढई पातेल्यात उपडी केली. "बाजूला सर. भाजेल."

*

हार्टवेल हे काही नावाजलेलं कॉलेज नव्हे. श्रूजबरीपासून पश्चिमेला हायवेने दीड तास गेलं की टेकड्यांच्या मधे ते लागतं. तिथल्या मुलांना खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही, त्यांच्या मॅचेस कुठल्या चॅनेलवर दिसत नाहीत. कॉलेजचाच एक विद्यार्थी कॅमेरा लावतो आणि दुसरा विद्यार्थी कॉमेंट्री करतो. त्यालाही मधूनच भूक लागते आणि तो ते माइकवर सांगतो. पण ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत दर शनिवारी हार्टवेलच्या मरून रंगाच्या टीमचं काय झालं, हे दीपा पोहनकरला माहीत नाही असं होत नाही. शनिवारी मॅच, रविवारी सकाळी चहाबरोबर बाकीच्या कॉलेजांचे निकाल, मग टेबलात आपण कुठे, आणि सोमवारी रूट नाइनवरच्या डेंटिस्टच्या ऑफिसात, जिथे ती काउंटर सांभाळते, तिथल्या दात साफ करणाऱ्या हायजिनिस्टला इच्छा असो नसो सगळी हकीकत.

लोकांना वाटतं की मुलगा खेळायला लागला म्हणून ती फुटबॉल बघायला लागली. तसं नाही. दीपा कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. तिचे दोन्ही भाऊ तालमीच्या टीममधून खेळायचे. मोठी मॅच हरली की घरात दोन दिवस अबोला असायचा. तिची आई भाकरी थापताना रेफरीचा उद्धार करायची. पण त्या वेळी मुलींनी स्टेडियमवर जायची पद्धत नव्हती. दीपा गच्चीवर उभी राहायची आणि आवाज कुठल्या बाजूने उठला त्यावरून गोल कुणी केला ते खाली आईला ओरडून सांगायची. लग्न होऊन ती पोहनकरांकडे आली. त्यांच्याकडे खेळ म्हणजे अभ्यास संपल्यावर करायची गोष्ट, आणि अभ्यास कधी संपायचा नाही. मग अमेरिका, नोकरी, दोन मुलं. नकुल हार्टवेलच्या टीममध्ये आला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिने मैदानाच्या कडेला खुर्ची टाकली. पहिल्या मॅचला ती इतकी ओरडली की रविवारी तिला फक्त कुजबुजता येत होतं. अमितने तो रविवार फार शांत गेला म्हणून अजून आठवणीत ठेवला आहे.

या कॉलेजांच्या मॅचनंतर एक रिवाज असतो. घरच्या मैदानावर मॅच असेल तर पालक पार्किंगमध्ये तंबू ठोकतात, टेबलं मांडतात आणि आंघोळ करून आलेल्या पोरांना खाऊ घालतात. हरलेल्यांनाही. दीपाने पहिल्या वर्षी भीत भीत भडंगाचा डबा नेला होता. पोरांनी ते न्याहारीचं मसालेदार सीरियल आहे असं समजून कागदी कपांत भरभरून खाल्लं, पाणी पीत पीत खाल्लं आणि पुढच्या शनिवारी डबा कुठे आहे म्हणून विचारलं. तेव्हापासून तो डबा चुकलेला नाही. नकुल बाहेर पडला तरी पोरं होतीच, आणि पालकांच्या ग्रुप चॅटमधून तिचं नाव काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. तिनेही आठवण करून दिली नाही.

आता राहिला कोच. कोच हॅनरहन गेली सव्वीस वर्षं हार्टवेलमध्ये आहे. उंच, वाकलेला, हिवाळ्यातही अर्ध्या चड्डीत. त्याची एक पद्धत होती आणि सगळा वाद तिच्यावरून होता. इथल्या कॉलेजच्या खेळात खेळाडू हवे तितके बदलता येतात, बाहेर गेलेला दुसऱ्या हाफमध्ये परतही येऊ शकतो. कोच याचा पुरेपूर उपयोग करायचा. पंचवीस मिनिटं झाली की पाच-सहा पोरं एकदम आत पाठवायचा. स्कोर काहीही असो. बेंचवरचा जवळजवळ प्रत्येकजण दर मॅचला खेळायचा. टीम जिंकत होती तोवर लोक याला मोठेपणा म्हणायचे. या वर्षी टीम सातवी होती आणि पहिल्या सहांनाच पुढच्या स्पर्धेत जागा होती. त्यामुळे आता लोक याला म्हातारपण म्हणायला लागले होते.

*

त्या शनिवारी हार्टवेलने पहिल्या हाफमध्येच गोल केला. दुसऱ्या हाफच्या मध्यावर कोचने सवयीने सहा पोरं बदलली. दीपाच्या मागे बसलेला डग, म्हणजे गोलकीपरचा बाप, मोठ्याने म्हणाला, "नाही, नाही, नाही." मग शेवटची मिनिटं आली. इथे घड्याळ उलटं चालतं, शून्याकडे. निवेदक आकडे मोजायला लागायच्या जरा आधी पाहुण्यांचा एक कॉर्नर आला, गर्दीत कुणाच्या तरी गुडघ्याला लागून बॉल आत गेला. एक-एक. बरोबरी. पूर्वी जादा वेळ तरी मिळायचा. आता साखळी सामन्यांना तोही नाही. बरोबरी म्हणजे बरोबरी, उठा आणि तंबूत या.

तंबूत पोरं यायची होती. टेबलावर सँडविचेस, चिली, कुणाच्या तरी आजीचा ॲपल पाय आणि दीपाचा स्टीलचा डबा.

"मी शांतपणे बोलणार आहे," डग म्हणाला. छपरं घालायची त्याची कंपनी होती आणि तो कायम छपरावरून बोलतोय इतक्या मोठ्याने बोलायचा. "या माणसाने आपल्या पोरांचं सीझन वाटून टाकलं. प्रसाद वाटतात तसं."

त्याने प्रसाद म्हटलं नव्हतं, हॅलोवीनची चॉकलेटं म्हटलं होतं. दीपाला ऐकू आलं ते प्रसाद.

"गुरुवारी चार वाजता खेळविभागाच्या प्रमुख बाई आपल्याला भेटणार आहेत," केली म्हणाली. केली या वर्षीची तंबूप्रमुख. गोड बोलायची आणि हातात कायम टेप आणि कात्री असायची. "ज्यांना बोलायचं त्यांनी बोलायचं. कोचचं कॉन्ट्रॅक्ट या सीझननंतर वाढवायचं की नाही, ते त्या ठरवतील."

"काय ठरवायचंय त्यात?" डग म्हणाला. "चांगले अकरा खेळवा, दमले तर बारावा घाला. सोपं आहे."

"सोपं नाही," दीपा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने घसा साफ केला. गाडीत दीड तास तिने भाषणाची तयारी केली होती. ती सगळी या क्षणी विसरली.

"तो प्रत्येक मुलाला तयार करतो," ती म्हणाली. "नुसत्या अकरांना नाही. मी सहा वर्षं बघतेय. माझ्या नकुलचंच घ्या. नकुल काही फार भारी खेळाडू नव्हता. अगदी साधारण होता. दुसरा कुठला कोच असता तर बेंचवर बसवून ठेवला असता त्याला. पण कोच हॅनरहनने त्याला दर मॅचला खेळवलं."

डगने टेबलावर थाप मारली.

"हेच!" डग म्हणाला. "अगदी हेच मी सांगतोय."

"किती प्रामाणिकपणे बोललीस दीपा," केली म्हणाली आणि तिने दीपाच्या दंडावर हात ठेवला.

दीपाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. कोल्हापुरात, नागपुरात, श्रूजबरीच्या मराठी मंडळातही हे वाक्य टाकलं की समोरच्याने लगेच म्हणायचं असतं, काय बोलताय वहिनी, तुमचा पोरगा हिरा आहे. मग आपण म्हणायचं, कसला हिरा, घरी येऊन बघा. मग समोरच्याने आपल्या पोराला नावं ठेवायची आणि आपण त्याला हिरा म्हणायचं. असं दोन्ही पोरांचं कौतुक होतं आणि कुणाची दृष्ट लागत नाही. इथे पहिलं वाक्य तिने म्हटलं आणि पुढचं कुणी म्हटलंच नाही. ते तसंच टेबलावर पडून राहिलं, ॲपल पायशेजारी.

"मला तसं म्हणायचं नव्हतं," ती म्हणाली. पण तोवर पोरं आली. ओल्या केसांची, भुकेली, बरोबरीचं दुःख पार विसरलेली. डब्याभोवती गर्दी झाली.

सगळ्यांत शेवटी कोच आला. आणि तंबू एकदम पानझडीबद्दल बोलायला लागला. कारण इथे एक नियम आहे. मॅच संपल्यावर चोवीस तास पालकांनी कोचशी मॅचविषयी अक्षर बोलायचं नाही. राग असेल तर घरी घेऊन जायचा, त्याच्यावर एक झोप काढायची आणि दुसऱ्या दिवशी उरला तर बोलायचं. नियम सगळे पाळतात. आत्ता ज्याचं छप्पर उडवायला निघाला होता त्याच कोचला डग सांगत होता की या वर्षी मेपल जरा लवकर लाल झाली.

कोचने भडंगाचा कप भरून घेतला आणि दीपापाशी आला. "नकुल कसा आहे?"

"छान आहे. कामात असतो."

"नव्या पोरांना मी अजून त्याची क्लिप दाखवतो. समोरच्या टीमच्या दमलेल्या बॅकला पळवून पळवून कसं मारायचं, ते त्याच्याकडून शिका म्हणतो. चांगला होता तो."

"नाही हो, कसला चांगला," दीपाच्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही उगीच म्हणता."

कोचने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. मग शेंगदाणे वेचून खात तो दुसऱ्या टेबलाकडे गेला. दीपाला स्वतःची जीभ चावावीशी वाटली.

*

ती घरी पोचली तेव्हा अमित सोफ्यावर झब्ब्यातच बसला होता आणि नानांशी त्याचं भांडण चाललं होतं.

"सहाजण एकदम बदलायची गरजच नव्हती," अमित म्हणत होता.

"गरज होती. ते दोन नंबरचं पोरगं लंगडत होतं बे. तुला दिसलं नाही. तू बासुंदी खात होता."

दीपा दारातच थांबली. "तुम्ही मॅच बघितली?"

"नाना ऐकतायत का?" अमित जरा ओशाळून म्हणाला. "वास्तुशांतीला आले ते एका अटीवर आले. संग्रामच्या नव्या टीव्हीवर त्याला लावायलाच लागली. भलामोठा टीव्ही आहे त्याचा. मग सगळे पुरुष तिथेच जमले. गुरुजीसुद्धा दक्षिणा घेऊन येऊन बसले. शेवटच्या गोलला तर एवढा आरडाओरडा झाला, शिवांगीला वाटलं टीव्ही पडला."

"आणि लोक हसले?"

"हसायला वेळ कुठे होता?" अमितने पाय वर घेतले. "पण खरं सांगू का दीपा, तुझा कोच चुकला. एका गोलने पुढे असताना टीम मोडायची नसते. मी असतो तर..."

"आयुष्यात एक मॅच बघितली, तीही बासुंदी खात, आणि झाला पंडित." दीपा चप्पल काढत म्हणाली. "अरे, बदललेल्या पोरांनी नाही खाल्ला गोल. कॉर्नरला पहिल्या पोस्टवर उभा होता तो आपला कॅप्टन. सुरुवातीपासून खेळत होता. त्याच्या पायांत जीव नव्हता उरलेला, म्हणून उडी मारली नाही त्याने. त्याला बदलायला पाहिजे होतं, तेवढं एकच कोचने केलं नाही."

नाना अमितकडे बघून हसले.

"हे तंबूत सांगितलंस?" अमितने विचारलं.

"नाही," दीपा म्हणाली. "तंबूत मी वेगळंच काहीतरी सांगून आले." आणि ती डबा धुवायला आत गेली. डबा स्वच्छ होता, पोरांनी पुसून खाल्ला होता. तरी तिने तो घासला.

*

रविवारी सकाळी चहा घेताना तिने निकाल बघितले. सहाव्या नंबरची टीम हरली होती. म्हणजे अजून आशा होती. मग तिने ग्रुप चॅट उघडलं. डगने सकाळी सकाळी लिहिलं होतं: काल एका माजी खेळाडूच्या आईनेच कबूल केलं की तिचा मुलगा खेळवण्याच्या लायकीचा नव्हता आणि तरी त्याला चार वर्षं खेळवलं. गुरुवारी मी सगळ्यात आधी हेच सांगणार आहे. खाली अंगठ्यांची रांग लागली होती.

तिने दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायच्या आत फोन वाजला. नकुल.

नकुल रविवारी सकाळी कधी फोन करत नसे. रविवारी सकाळी तो झोपत असे.

"आई, यू सेड आय वॉज नो गुड?"

"कुणी सांगितलं तुला?"

"स्क्रीनशॉट आला. माझ्या जुन्या रूममेटचा धाकटा भाऊ टीममध्ये आहे. सगळ्यांकडे आहे आता तो." तो हसायचा प्रयत्न करत होता. "इट्स फाइन. आय वॉज जस्ट... म्हणजे मला वाटायचं, तू एवढं ड्राइव्ह करून यायचीस, एवढी ओरडायचीस. तुला आवडायचं माझं खेळणं."

"अरे आवडायचंच! वेडा आहेस का?"

"देन व्हाय वुड यू से दॅट?"

"आपल्यात तसंच बोलतात रे. आपल्या पोराची आपण स्तुती करायची नसते. समोरच्याने करायची असते."

"पण तू कुणालाच करू देत नाहीस आई. कुणी केली की तू म्हणतेस, कसला चांगला. मंडळात, बर्थडे पार्टीत, सगळीकडे. शिवांगीमावशी म्हणाली होती नकुल किती हुशार, तू म्हणालीस साधा चहा करता येत नाही."

"येत होता का?"

"आय वॉज नाइन!"

दीपाला हसू आलं आणि तिकडे नकुललाही.

"डग लोकांना ते आपल्यातलं माहीत नाही," नकुल म्हणाला. "आणि टू बी ऑनेस्ट, मलाही नव्हतं. मला वाटायचं तू खरंच तसं म्हणतेस."

"चार वर्षं?"

"चोवीस."

दीपाने खिडकीबाहेर बघितलं. समोरचा शेजारी पानं गोळा करत होता. तो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने झाडत होता आणि पानं त्याच्या मागे जात होती.

"कोचला काढतील का ग?" नकुलने विचारलं. "बिकॉज ऑफ दिस?"

"माहीत नाही."

"ही वॉज द बेस्ट थिंग देअर. आय मीन इट." मग मागे कुणाचा तरी आवाज आला आणि तो म्हणाला, "चल, ठेवतो. आय ॲम नॉट मॅड, ओके? लव्ह यू."

फोन ठेवल्यावर तिने भांडी लावली, मशीनला कपडे घातले, नानांच्या गोळ्यांचा डबा भरला. दुपारी ती गॅरेजमध्ये गेली आणि गाडीतली मैदानावरची खुर्ची बाहेर काढून उगीचच झटकली. अनिका आली आणि पायरीवर बसली.

"आई, यू ओके?"

"अनिका, मी तुझ्याबद्दल लोकांना काय सांगते?"

अनिकाने विचारही केला नाही. "की मी झोपाळू आहे, माझी खोली उकिरडा आहे आणि मला पोळी येत नाही."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं पोळी येत नाही हे खरं आहे." तिने खांदे उडवले. "बाकीचं मी माझ्या कॉलेज ॲप्लिकेशनमध्ये लिहिणार नाही. तिथे स्वतःचं कौतुक करायचं असतं. इट वॉज सो हार्ड, यू नो? काउन्सेलर म्हणाली, तुझ्याच आईसारखी बोलतेस."

"ती मला कुठे भेटली?"

"दातांच्या ऑफिसात. तू तिला सांगितलंस मी ब्रश नीट करत नाही."

दीपाने खुर्ची परत गाडीत ठेवली.

चार वाजून गेले होते. चोवीस तास झाले होते. तिने कोचला फोन लावला. तंबूत आपण काय बोललो ते सगळं, जसं होतं तसं सांगितलं. तिकडे कोच खो खो हसायला लागला.

"मिसेस पोहनकर, मला याहून वाईट लोकांनी तोंडावर म्हटलंय. तुम्ही काळजी करू नका."

"पण कॅप्टनला तुम्ही बदलायला हवं होतं," दीपाने एकदाचं म्हणून टाकलं.

तो हसायचा थांबला. "हो," तो म्हणाला. "रात्रभर मी तोच विचार केला. त्याचं शेवटचं वर्ष आहे. बाहेर काढवलं नाही." मग म्हणाला, "हे डगला सांगू नका. त्याला ते आवडेल."

गुरुवारबद्दल त्याने विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही. केलीने मात्र चॅटवर लिहिलं होतं की जुन्या पालकांना बोलायचं असेल तर त्यांचं स्वागत आहे. ते वाक्य तिने दिवसभरात बऱ्याचदा वाचलं होतं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. तंबूतलं ते वाक्य एव्हाना घरात सगळ्यांना कळलं होतं. वरणभात, बटाट्याच्या काचऱ्या आणि वास्तुशांतीहून डब्यात आलेली बासुंदी. नाना आणि अमित अजून त्या सहा पोरांवरच होते.

"मी सांगतो नाना, आकडे बघा. या सीझनला शेवटच्या वीस मिनिटांत खाल्लेले गोल..."

"आकडे काय बघायचे? पोरं बघ. पोरं दमतात."

"अमित," दीपा म्हणाली, "गुरुवारी तू घरून काम कर."

"का? गुरुवारी माझा रिव्ह्यू आहे."

"घरून कर. अनिकाला ऑर्केस्ट्राहून आणायचंय आणि नानांना एकटं ठेवायचं नाही. मी दुपारची सुट्टी सांगितलीय ऑफिसात."

"कुठे जाणार आहेस?"

"हार्टवेलला. त्या खेळविभागाच्या बाईंपुढे बोलायला."

"ईमेल कर ना आई," अनिका म्हणाली. "इट्स ईझिअर."

"ईमेलमध्ये मी पुन्हा काहीतरी कमी करून लिहीन. तोंडाने सांगणार."

अमितने चमचा खाली ठेवला. "दीपा, ते लोक कोचचं आधीच ठरवून बसलेत. तू जाऊन काय होणार? आणि त्यांनी म्हटलं, शनिवारी तर तूच म्हणालीस साधारण होता, मग?"

"मग म्हणेन, शनिवारी मी खोटं बोलले."

नाना भात कालवायचे थांबले.

"मी काय सांगणार ते ऐका, म्हणजे नंतर कुणी बाहेरून ऐकायला नको," दीपा म्हणाली. तिने वरणाची वाटी अमितकडे सरकवली. "माझा मुलगा नकुल चांगला खेळाडू होता. लायकी होती म्हणून कोचने त्याला खेळवलं. हे मी इंग्रजीत, सगळ्यांसमोर, बसून नाही, उभी राहून सांगणार आहे. गुरुवारी मी दोनला निघेन. कुकर तुम्ही लावा."